केकताड, वाकळ आणि भिंत

फुलंब्रीच्या शिवारात बांधाला केकताड उभं असतं. कुठे त्यालाच घायपात म्हणतात. पानाच्या टोकाला काटा आणि पोटात पांढरा वाख. पानं कुजवायची, ठेचायची, धुवायची आणि निघालेल्या वाखाचे दोर वळायचे. याच कुळातल्या सिसलच्या वाखापासून डार्टबोर्ड होतो. वाखाचे आखूड तुकडे उभे करून, एकमेकांना खेटून, घट्ट दाबून बसवतात. डार्ट आला की तंतू बाजूला सरतात, उपटला की पुन्हा मिटतात. इंग्लंडात हे बोर्ड १९३० च्या दशकात आले. त्याआधीचे लाकडी बोर्ड भोकं मिटावीत म्हणून रात्रभर पाण्यात घालावे लागत. वाखाच्या बोर्डाला मात्र पाणी लावू नये, तो फुगतो.

भिंतीला असं मिटता येत नाही. जुन्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या होत्या. त्यात भुसा आणि शेण असायचं. तिथे टोक रुतलं तर बोटभर चिखलानं जागा लिंपून टाकता येई. आपल्याकडची ही रीत फार जुनी आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचं २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं. माती धरून ठेवते ती तंतूमुळे. आताच्या पुट्टीत तंतू कुठला? पोलादी टोक लागलं की चांगला रुपयाएवढा टवका उडतो आणि आतला करडा गिलावा उघडा पडतो. घरातल्या लग्नासाठी नुकताच रंग दिलेला असला की तो टवका सगळ्यांना दारातूनच दिसतो.

बोर्डाभोवती फोमचं जाड कडं मिळतं, ते घ्यावंच. पण नवशिक्याचा नेम कड्याच्याही बाहेर जातो. त्यासाठी मागे प्लायवूड हवं आणि बोर्डाचा स्क्रू त्यातच बसवावा. माझा सगळ्यात जास्त भरवसा मात्र वाकळीवर आहे. आमच्या आजीनं जुन्या लुगड्यांची एक जड वाकळ काढून दिली आणि बजावलं, "भिताडाला टवका जाऊ देऊ नको, बाळा." ती प्लायवूडच्या भोवती, भिंतीपासून चार बोटं सुटी, दांडीवर टांगली. डार्ट शिरला की वाकळ हलते आणि जोर तिथेच जिरतो. तीच ताणून भिंतीला चिकटवली तर टोक थेट पुट्टीत जाईल.

बोर्डाचा मध्य जमिनीपासून ५ फूट ८ इंचांवर आणि फेकायची रेघ बोर्डापासून ७ फूट ९¼ इंचांवर, हे माप ठरलेलं आहे. पोरांचे डार्ट बहुतेक खालीच जातात, म्हणून वाकळ वरपेक्षा खाली जास्त सोडावी. फरशीवर बारदानाची घडी टाकावी. शहाबादीवर आपटून टोक बोथट होतं आणि बोथट टोक बोर्डावरून उलटं उसळतं. टोकाला बारीक आकडा आला तर तो वाख ओढून काढतो, तो कानशीनं घासून टाकावा.

सगळे २० वरच नेम धरतात, त्यामुळे तिथला वाख आधी झिजतो. आकड्यांचं कडं काढावं, बोर्ड दोन घरं फिरवावा, म्हणजे वर पुन्हा काळंच घर येतं, आणि कडं २० वर बसवून पुढचा डाव मांडावा.