हे दूध कुणाच्या गोठ्यातलं?

संपादकांनी अन्नभेसळीवर लिहायला सांगितलं होतं. मी भेसळीवर लिहिणार नाही. माझं काम अन्नात उरलेली प्रतिजैविकं शोधण्याचं आहे, आणि गेल्या पावसाळ्यातलं एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही.

सिन्नर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्राचे चालक टँकरमधला नमुना घेऊन आमच्या नाशिकच्या प्रयोगशाळेत आले. डेअरीने पट्टीवर तपासून टँकर परत पाठवला होता. आमच्या यंत्रावरही पेनिसिलिन निघालं, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. अहवाल वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, पण हे कुणाच्या गोठ्यातलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या बाटलीत साऱ्या गावाचं दूध एक झालेलं होतं.

आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्सने दुधातल्या पेनिसिलिनला घातलेली मर्यादा लिटरमागे 4 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे 10,000 लिटरचा टँकर मर्यादेपर्यंत न्यायला 40 मिलिग्रॅम औषध पुरतं. गायीला दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली की सडात जी ट्यूब सोडतात, तिच्यात बहुतेक वेळा याहून जास्त औषध असतं. सगळं दुधात उतरत नाही, पण एका गायीची एक धार टँकर बाद करू शकते.

प्रयोगशाळेतली पहिली चाचणी जिवाणूंकडूनच करून घ्यायची. उष्णतेत वाढणारे जिवाणू जांभळ्या जेलीत ठेवलेले असतात. त्यावर दुधाचे थेंब टाकून 64 अंशांवर अडीच-तीन तास ठेवायचं. जिवाणू वाढले की आम्ल तयार होतं आणि जेली पिवळी पडते. औषध असेल तर जांभळीच राहते. घरी विरजण लागत नाही, त्यामागे कधी कधी हेच कारण असतं. पण जांभळा रंग म्हणजे पुरावा नव्हे. चिकात आणि दगडीच्या दुधात लायसोझाइम, लॅक्टोफेरिन ही निसर्गाचीच जिवाणूरोधक द्रव्यं भरपूर असतात, आणि तीही जेली जांभळी ठेवतात. म्हणून नमुना आधी 80 अंशांच्या आसपास काही मिनिटं तापवावा लागतो. ही द्रव्यं त्यात निकामी होतात, पेनिसिलिन बहुतांशी टिकतं. तरीही शंका उरते, म्हणून शेवटी मास स्पेक्ट्रोमीटर. तिथे रेणू फोडून त्याचे किमान दोन तुकडे ओळखायचे आणि त्यांचं आपसातलं प्रमाण शुद्ध औषधाशी जुळतं का ते पाहायचं. दुधातले इतर घटक सिग्नल दाबतात, म्हणून तुलनेची रेषासुद्धा औषध नसलेल्या दुधातच काढायची. एवढं सगळं एका आकड्यासाठी, आणि तो आकडा सही करण्याआधी मी पुन्हा पुन्हा तपासते. त्याचा मला अभिमान आहे.

लोक मात्र येतात ते युरिया आणि डिटर्जंट शोधायला. यावर मी दरवेळी वाद घालते, आजही घालते. एफएसएसएआयने 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने घेतले. भेसळीमुळे असुरक्षित ठरले 12. प्रतिजैविकं मर्यादेबाहेर निघाली 77 नमुन्यांत आणि बुरशी लागलेल्या चाऱ्यातून येणारं अफ्लाटॉक्सिन एम1 तब्बल 368 मध्ये. म्हणजे धोका भेसळखोराच्या हातातून कमी आणि गोठ्यातून जास्त येतो, तोही बहुधा अजाणता. भेसळीत चोर सापडतो, म्हणून ती बातमी होते. "उकळलं की जातं ना?" हा दुसरा प्रश्न. नाही, बहुतेक प्रतिजैविकं आपल्या उकळण्याला दाद देत नाहीत.

आणि माग काढणं अशक्य आहे, असं निदान या जिल्ह्यात तरी कुणी म्हणू नये. 2003 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत मेथोमिल हे कीटकनाशक सापडलं आणि 2006 मध्ये द्राक्षांचा माग ठेवणारं अपेडा या निर्यात प्राधिकरणाचं ग्रेपनेट उभं राहिलं. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाने निर्यातदारांची पुन्हा झोप उडवली. आज निफाड-दिंडोरीतून परदेशी जाणाऱ्या पेटीवरून बागेपर्यंत पोचता येतं. परदेशातल्या ग्राहकासाठी जे जमलं, ते आपल्याच मुलांच्या पेल्यासाठी का जमू नये, हा प्रश्न मला टोचत राहतो.

दुधासाठी नियम तर आहे. वेष्टनावर कालावधी दिलेला नसेल तर औषधानंतर किमान 7 दिवस दूध आणि अंडी विकायची नाहीत, असं 2012 पासून औषध नियमांत लिहिलं आहे. पण ट्यूब गोठ्यात पोचेपर्यंत वेष्टन कुठेतरी फाटून गेलेलं असतं, आणि दोन गायींच्या घरात 7 दिवस दूध ओतून द्यायचं तर किराणा उधारीवर आणावा लागतो.

म्हणून त्या चालकांना मी दोन गोष्टी सांगितल्या. रोज प्रत्येक उत्पादकाच्या दुधाचा छोटा नमुना नाव-तारीख टाकून, टँकरचा निकाल येईपर्यंत थंड ठेवा. आणि गायीला औषध दिलंय असं जो आपणहून सांगेल, त्याला त्या दिवसांच्या दुधाचे पैसे द्या. पहिली त्यांना लगेच पटली. दुसरीवर ते म्हणाले, डेअरी तयार होणार नाही. मी डेअऱ्यांच्या बैठकीत हे मांडते आहे; एक टँकर परत फिरला की त्या पैशांपेक्षा कितीतरी जास्त नुकसान होतं, याचा हिशोबही सोबत ठेवते.