रिफ्यूज आणि जेवेना
इंदूरला आम्ही मराठी माणसं सर्रास 'त्याने मना केलं' म्हणतो. पुण्याचे पाहुणे हसतात, कारण त्यांच्याकडे मनाई म्हणजे बंदी. आमच्याकडे हिंदीच्या शेजारामुळे बंदी आणि नकार दोन्ही त्याच 'मना'त. इंग्रजीत मात्र बंदी घालणं म्हणजे फॉर्बिड, नकार देणं म्हणजे रिफ्यूज.

नात नववीत आहे, तिचं इंग्रजी व्याकरण माझ्याकडे. रिफ्यूजनंतर 'टू' आणि मूळ क्रियापद: 'ही रिफ्यूज्ड टू गो'. तिथे 'गोइंग' चालत नाही. 'ही डिनाइड गोइंग' चालतं, पण त्याचा अर्थ आपण गेलोच नव्हतो असं तो म्हणाला. मुलं दोन्हींपुढे 'नाकारणे' लिहितात आणि फसतात. ढोबळमानाने, रिफ्यूज पुढच्या कामाला नाही म्हणतं, डिनाय झालेल्या गोष्टीला. (पहिल्या अक्षरावर जोर देऊन 'रेफ्यूस' म्हटलं, की अर्थ कचरा!)

'द कार रिफ्यूज्ड टू स्टार्ट' या वाक्याला ती अडली. "आजोबा, गाडीला कुठे मन असतं?"

म्हटलं, "आपणही म्हणतोच की, गाडी सुरू व्हायला तयार नाही." त्याहून नेमकं म्हणजे 'सुरू होईना'. होईना, उघडेना, ऐकेना. या 'ना'त 'करत नाही' आणि 'करता येत नाही' दोन्ही मावतात, शिवाय आपण खटपट करून थकलो हेही.

आईच्या शेवटच्या आजारात हा फरक मी जवळून पाहिला. दवाखान्याच्या कागदावर रोज ओळ असे, 'पेशंट रिफ्यूज्ड फूड'. व्याकरण अचूक, रिफ्यूजपुढे नुसतं नामही चालतं. पण वाचून वाटे, आई हट्टाला पेटली आहे. फोनवर मी ताईला सांगितलं, "ताई, आई जेवेना गं."

तिने लगेच विचारलं, "इच्छा नाही, की गिळवत नाही?"

'रिफ्यूज्ड' वाचून हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. डॉक्टरांना पुन्हा बघायला सांगितलं. तोंड आलं होतं, घास उतरताना आग व्हायची. मग औषध आणि गार पेज सुरू झाली. संध्याकाळी तिने दोन चमचे घेतले. तिसऱ्याला हात आडवा धरला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. तो मात्र रिफ्यूज होता. मी वाटी खाली ठेवली.