पसरणीच्या घाटात तापणारी गाडी

जुनी गाडी तापते म्हणून कुणी गॅरेजात आणली की बॉनेट उघडण्याआधी मी विचारतो, कधी तापते? सिग्नलला उभी असताना की घाट चढताना? सुरू केल्या केल्या की तासाभराने? मालक बहुतेक वेळा वैतागलेला असतो. आजवर काय काय बदललं ते त्याला तोंडपाठ असतं. ती यादी मला हवी असते, पण नंतर. उभ्या गाडीचा काटा चढतो आणि रस्त्याला लागल्यावर उतरतो, तेव्हा हवा कमी पडत असते. मग पंखा, बेल्ट आणि जाळीतला कचरा बघायचा. गावात ठीक आणि चढावर तापत असेल तर आधी पाण्याच्या फिरण्यावर संशय घ्यायचा. थंड इंजिन सुरू होताच वरचा होज कडक झाला तर हेड गॅस्केटमधून जळका गॅस पाण्यात शिरतोय. निम्मं काम इथेच, पान्याला हात न लावता होतं.

आमच्याकडे वाईत अशा गाडीची परीक्षा पसरणीचा घाट घेतो. पाचगणीपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओढत राहतं, वेग थोडा, भार पूर्ण. एक प्रीमिअर पद्मिनी आली होती, १०८९ सीसीची, मालकाच्या वडिलांनी घेतलेली आणि त्याने जिवापाड जपलेली. सपाट हायवेवर काटा मध्यावर राहायचा, घाटाच्या अर्ध्यात पाणी उकळायचं. थर्मोस्टॅट काढून टाकलेला, वॉटर पंप नवा, रेडिएटर पाण्याचा फवारा मारून ‘साफ’ केलेला. बोलता बोलता मालक ओझरतं म्हणाला, ‘‘नवा पंप बसवल्यापासून जास्तच तापते.’’ मी तिथेच थांबलो. पंप चांगला झाला आणि त्रास वाढला, याला काहीतरी कारण असणार.

आधी काटा खरं बोलतोय का ते पाहिलं. जुन्या गाडीत अर्थिंग सैल असलं तर नुसते दिवे लावले तरी काटा हलतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने हेडजवळ मोजलं, इंजिन खरंच तापत होतं. मग गाडी बंद करून रेडिएटरच्या जाळीवर थर्मामीटर फिरवला. वरचा भाग गरम होता, पण खाली एका बाजूला मोठा पट्टा थंड. तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. आमच्या भागातलं बोअरचं पाणी क्षाराचं, ते वर्षानुवर्षं ओतलं की नळ्या आतून भरतात. बाहेरून फवारा मारून तो क्षार निघत नाही.

तरी एवढ्यावर उत्तर पूर्ण होत नव्हतं. गाडी पुन्हा सुरू केली, एकाला ॲक्सिलरेटर धरायला सांगितला आणि मी टॉर्च घेऊन खालच्या होजकडे बघत राहिलो. आयडलला होज गोल होता. रेस वाढली तसा तो चपटा झाला.

खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. रेडिएटर नीट पाणी सोडत नसेल तर पंप जितका जोरात ओढेल तितका त्या होजमधला दाब उतरतो आणि रबर मऊ झालेलं असलं की भिंती आत येतात. नव्या पंपाची ओढ जास्त. थर्मोस्टॅट काढल्याने तिला अडवणारंही काही उरलं नव्हतं. रेडिएटरच्या कॅपची स्प्रिंगही बसलेली होती. कॅप दाब धरते. दर पीएसआयमागे उकळबिंदू सुमारे दीड अंश वर जातो. पाचगणीच्या सुमारे १,३०० मीटर उंचीवर उघडं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे दुबळी कॅप सपाटीवर निभावते आणि घाटात उघडी पडते. होज, नळ्या, कॅप, यातलं एकही पूर्ण निकामी नव्हतं. प्रत्येकात थोडी थोडी कमी होती आणि घाटात ती सगळी एकदम भोवत होती. जुन्या गाडीचा हट्टी आजार मला बहुतेकदा असाच सापडलाय, आणि म्हणूनच एकेक पार्ट बदलत जाणाऱ्याच्या तो हाती लागत नाही.

रेडिएटरच्या टाक्यांचं झाळकाम सोडवून नळ्यांत रॉड मारून घेतले, होज आणि कॅप नवी घातली, बोअरच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरलं. मग चार माणसं बसवून भर दुपारी घाट चढवला. काटा मध्याच्या जरा वर गेला, तिथेच राहिला.

थर्मोस्टॅटही परत बसवला, मालक नको म्हणत असताना. तो काढून टाकणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि मला ती अजिबात मान्य नाही. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, सिलिंडर लवकर झिजतात. काही इंजिनांत तर त्याच्याविना बायपास सतत उघडा राहतो आणि गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. मालकाला विश्वास बसावा म्हणून मी पातेल्यात पाणी तापवलं, थर्मामीटर लावला आणि थर्मोस्टॅट दोऱ्याने त्यात सोडला. ८२ अंशांचा शिक्का होता, त्याच्या आसपास तो उघडला. न उघडणारा निघाला असता तर नवा घातला असता, पण जागा रिकामी ठेवली नसती.