ओवीचा 'ओ'

आत्याबाईंच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही रिअ‍ॅक्टमध्ये बांधलेल्या संकेतस्थळावर ठेवायला घेतल्या. घरच्या विंडोज संगणकावर सारे सुरळीत. लिनक्स सर्व्हरवर चढवताच 'मॉड्यूल नॉट फाउंड'. तिकडे ९२ वर्षांच्या आत्याबाई नातवाकडून आपल्याच ओव्या वाचून घ्यायला खोळंबलेल्या.

संशय अर्थातच परक्यांवर गेला. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' हे ११ ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने मागे घेतले आणि बेबेल, रिअ‍ॅक्ट यांच्यासह हजारो प्रकल्प अडले, हे आम्ही वाचून होतो. म्हणून 'नोड मॉड्यूल्स'चे फोल्डर दोनदा पुसले, पॅकेजे पुन्हा उतरवली. त्रुटी जागच्या जागी.

दोष आमच्याच अक्षरात निघाला. फाइलच्या नावातला रोमन 'ओ' लहान, तिला बोलावणाऱ्या ओळीत तो मोठा. विंडोज हा भेद सहसा मनावर घेत नाही, लिनक्स घेते. नागरीत लहानमोठी अक्षरे नसतात, ही सबब आम्हांला सुचली खरी. पण 'दिन' आणि 'दीन' यांवरून विद्यार्थ्यांचे गुण कापणाऱ्यांनी ती कोणत्या तोंडाने सांगावी?

अक्षर बदलले. रात्री आत्याबाईंचा फोन आला : "अरे, तिसऱ्या ओवीत 'भाऊराया' नाही, 'बंधुराया'!"