मोडीचा भाव

गेल्या रमजानच्या आधी घराची झाडझूड काढली, तेव्हा माळ्यावरचं एक पोतं खाली उतरवलं. माळ्यावर जागा नाही, असं सुना कधीपासून म्हणत होत्या. खरंच नव्हती. टीव्हीचं खोकं, मिक्सरचं खोकं, मोबाइलची सात-आठ लहान खोकी, सगळी वॉरंटीसाठी जपलेली. रिकामी खोकी वर राहावीत म्हणून भरलेलं पोतं खाली आलं. त्यात पितळेचा एक गुंड, एक परात, तांब्याची मोठी तपेली, टोंटीचा बधना आणि झाकण निखळलेलं पानदान होतं. अम्मीने पलंगावरूनच पाहिलं आणि एवढंच विचारलं, "गुंडाचं बूड शाबूत आहे ना रे?"

आम्ही चार भावंडं, तिघे भाऊ आणि एक बहीण. बहीण तुमसरला दिलेली, ती त्या दिवसांत आली होती. भंगारवाला रोज दारावरून जायचा. त्याला थांबवायचं की नाही, यात आमचे आठ दिवस गेले. बोलणं भांड्यांवरून घरखर्चावर आलं, घरखर्चावरून अब्बांवर, आणि अब्बांवरून अशा एका माणसावर, ज्याचा विषय आमच्या घरात पंचवीस वर्षांत निघाला नव्हता.

भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव, हे आम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचण्याआधी कानांनी शिकलो. सकाळी शाळेत जाताना कसार-तांबटांच्या घरांतून ठोक्यांचा आवाज यायचा. तांबं आणि जस्त मिळून पितळ होतं, एवढं तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. पत्रा ठोकून गुंडाचे भाग करायचे, ते जोडायचे, मग बाहेरून मठारायचे. मठारलेल्या गुंडावर ऊन पडलं की शेकडो लहान आरसे बसवल्यासारखे दिसायचे. भांडं तोलून विकलं जायचं, मजुरी वेगळी. आणि जुनं भांडं दुकानात परत नेलं तर घट वजा करून मोडीचा भाव मिळायचा. त्यात वर थोडे पैसे घातले की नवं भांडं घरी. म्हणजे भांडं फुटलं, चेपलं, तरी त्याच्यातला पैसा बुडत नसे.

जुनी रीत अशी की मुसलमानांच्या घरी कलई केलेलं तांबं आणि हिंदूंच्या घरी पितळ. भंडाऱ्यात राहून ती वाटणी कोण पाळणार? अम्मीच्या जहेजमध्ये दोन्ही आलं. पितळेच्या गुंडावर तिच्या मामूंचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं आहे, देवनागरीत. कोरणाऱ्याला उर्दू येत नव्हतं आणि मामूंना त्याची अडचण वाटली नव्हती.

१९८६ साली थोरल्याला डी.एड.ला प्रवेश मिळाला. फी भरायला पैसे नव्हते. अब्बा शिंपीकाम करायचे. रमजान लांब होता, लग्नसराई संपलेली. अम्मीने दोन पराती आणि एक घंगाळ काढून दिलं. घंगाळ मोडीत गेलं, पराती गहाण पडल्या. त्यातली एक पुढच्या ईदनंतर सुटून आली, दुसरी आलीच नाही. जी सुटून आली तीच आता पोत्यात होती. थोरला शिक्षक झाला तो त्या घंगाळावर, असं अम्मी आजही म्हणते आणि थोरला आजही ओशाळतो.

आता त्या माणसाबद्दल. तो कलई करायचा. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. रमजान लागायच्या आठ दिवस आधी आणि बकरी ईदच्या आधी, असे वर्षातून दोनदा ते आमच्या गल्लीत भाता लावायचे. जमिनीत लहान खड्डा, त्यात कोळसा, बाजूला चामड्याचा भाता. मोठी तपेली असली की त्यांचा मुलगा तिच्यात उभा राहायचा, पायाखाली वाळू आणि राख घालून कमरेतून गरगर फिरायचा. आम्हाला त्याचा फार हेवा वाटे. भांडं तापलं की चाचा नवसागराची चिमूट टाकायचे, पांढरा धूर उठायचा, नाकात झणझण व्हायचं. मग कथलाची कांडी फिरवायची. कथील २३२ अंशांलाच वितळतं, म्हणून एवढासा कोळसा पुरायचा. कापसाच्या बोळ्याने ते आतून पुसत नेलं की काळपट तांब्यावर चांदी धावत जायची. हे दर वर्षी पाहिलं तरी आमचे डोळे दर वर्षी विस्फारायचे. कलई उडालेल्या भांड्यात आंबट सालन किंवा ताक कळकतं, पोटात जातं, माणूस आजारी पडतो. म्हणून हा खर्च चुकवायचा नाही, असा अब्बांचा दंडक होता.

चाचांकडून कलई, आणि त्यांच्या चारही मुलांचे ईदचे कपडे अब्बांकडे. हिशेब आपसात फिटायचा. कधी इकडचे पाच-दहा रुपये तिकडे राहायचे, ते पुढच्या ईदला.

मग स्टील आलं. आमच्या घरी ते आधी बोहारणीच्या टोपलीतून आलं, जुन्या कपड्यांच्या बदल्यात. अब्बांची एक शेरवानी देऊन अम्मीने एक डबा आणि दोन वाट्या घेतल्या. ती शेरवानी अब्बांनी स्वतः शिवलेली, निकाहच्या दिवशीची. ते दोन दिवस त्या डब्यातली साखर चहात घेत नव्हते. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पितळेच्या नावाने आज गळा काढणाऱ्या आम्हा भावांपैकी एकानेही कधी गुंड घासला नाही. चिंच आणि राखेने अम्मीच्या आणि फुफीच्या बोटांना भेगा पडायच्या. भरलेला गुंड नळावरून आणताना फुफीची कंबर गेली ती गेलीच. स्टील हलकं, काळं पडत नाही, त्याला कलई लागत नाही. पहिली स्टीलची तपेली घरात आली, तेव्हा अम्मीने शुकराना अदा केला होता. ती चुकली, असं म्हणायची आमची छाती नाही.

नव्वदच्या दशकात एका रमजानच्या आधी चाचांनी गल्लीत हाक दिली आणि आमच्या घरातून काही गेलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी आमच्या दारासमोर हाकच दिली नाही. त्याच वर्षी ईदगाहवर त्यांची पोरं दिसली. अंगात तयार शर्ट, खिशावर इंग्रजी अक्षरं. अब्बांनी पाहिलं. चाचांनीही अब्बा पाहत आहेत हे पाहिलं. दोघे गळाभेट घेऊन मुबारकबाद बोलले आणि पांगले. घरी आल्यावर अब्बा शीरखुर्म्याची वाटी हातात धरून बराच वेळ बसले होते. ती वाटी स्टीलची होती. "त्याने तरी काय करावं," एवढंच ते म्हणाले. तयार शर्ट त्यांच्या शिलाईएवढ्यात कापडासकट मिळत होता.

आम्ही कलईचे पैसे वाचवले ते चाचांच्या पोटातून, आणि चाचांनी शिलाईचे वाचवले ते आमच्या. हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही. दोन्ही घरांनी स्वस्तातलं घेतलं होतं, दोघांनाही शहाणपण केल्यासारखं वाटलं होतं. त्यानंतर आमच्या दुकानात रमजानमध्ये रात्री दोन-दोनपर्यंत मशीन चालायची ती दहालाच बंद होऊ लागली. चाचा पुढे स्टोव्ह आणि छत्र्या दुरुस्त करत फिरायचे, शेवटी रिक्षा ओढली. अब्बा २००९ मध्ये गेले. चाचा त्यांच्या जनाजाला आले होते, मागच्या सफेत उभे होते. पुढे तेही गेले.

अब्बांची १९८८ ची वही धाकट्याजवळ आहे. तोच आता दुकान बघतो. दुकान म्हणजे फॉल-पिको, आणि तयार पँटची लांबी कमी करून देणं. वहीत खर्चाची सदरं आहेत: धान, तेल, गोश्त, घासलेट, कलई, चंदा, दवा. आम्ही त्या रात्री तिच्याशेजारी आपला महिना मांडून पाहिला. निम्म्या खर्चाला अब्बांच्या वहीत सदरच नाही. मोबाइल, टीव्ही, पाण्याचे कॅन, शाळेची व्हॅन, शिकवणी, गाडीचा हप्ता, फ्रिजचा हप्ता.

पाण्याचंच घ्या. वैनगंगेच्या काठचं आमचं गाव. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळतं, गोसीखुर्दचा फुगवटा भंडाऱ्यापर्यंत येतो. नदी दारात आहे आणि आम्ही वीस लिटरचे कॅन विकत घेतो. अब्बांच्या वहीत पाण्याला एक पैसा नाही, फक्त गुंडाची किंमत आहे, तीही एकदाच.

मोबाइलचा तर हिशेबच न्यारा. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये स्वस्त इंटरनेट आलं, सुरुवातीला फुकट होतं. घरातल्या प्रत्येकाच्या हाती फोन आला. मग दर चढत गेले. २०२४ च्या जुलैमध्ये खासगी कंपन्यांनी पुन्हा वाढवले. यात महिना अठ्ठावीस दिवसांचा. थोरल्याने मास्तरकीच्या सवयीने गुणाकार केला: अठ्ठावीस तेरा तीनशे चौसष्ट. म्हणजे वर्षाला तेरा पगार द्यायचे आणि आपल्याला मिळायचे बारा. (तीस दिवसांची एक तरी योजना ठेवा, असं २०२२ मध्ये नियामकाने कंपन्यांना सांगितलं. आमच्या घरात ती कोणी घेतल्याचं आठवत नाही.) गॅसचं सिलिंडर दिल्लीत २०२३ च्या मार्चमध्ये ११०३ रुपयांना झालं होतं, त्या ऑगस्टच्या अखेरीस २०० आणि २०२४ च्या मार्चमध्ये १०० रुपयांनी उतरलं, २०२५ च्या एप्रिलमध्ये ५० नी चढलं. आमच्याकडे भाव दिल्लीहून चढाच असतो.

हे फक्त आमचंच रडगाणं नाही. सरकारच्या घरखर्चाच्या पाहणीत १९९९-२००० साली खेड्यातलं घर शंभर रुपयांतले ५९ रुपये खाण्यावर खर्चत होतं. २०२२-२३ मध्ये ते ४६ वर आले. तज्ज्ञ याला सुबत्ता म्हणतात. असेलही. जानेवारी २०२३ पासून रेशनचा तांदूळ फुकट आहे, आणि आमचा तर हा धानाचा जिल्हा. मोहल्ल्यात ज्या बायका बिड्या वळतात त्यांच्याही घरी आज कोणी उपाशी झोपत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. पण खाण्यातून सुटलेले रुपये गेले कुठे? शिल्लक पडले नाहीत. गुंड घेतला तर गुंड उरायचा. रिचार्जमधून काय उरतं? फ्रिज हप्ता फिटेपर्यंत जुना होतो आणि भंगारवाला त्याचे जे पैसे देतो त्यात एक महिन्याचं दूधही येत नाही. अडचणीच्या दिवशी मोडीत घालावं असं आमच्या भरलेल्या घरात काहीच नाही, हे आम्हाला पोतं उघडल्यावर कळलं.

अडचण होतीच. मधल्याच्या मुलीला नीटसाठी नागपूरला शिकवणी लावायची होती. पहिला हप्ता भरायला काही हजार कमी पडत होते. पोतं खाली आलं त्याचं निम्मं कारण ते होतं, खोक्यांची गोष्ट वरवरची. मधला तोंडाने काही बोलत नव्हता. शेवटी अम्मीच म्हणाली, "गुंड द्या. परात द्या. थोरल्याच्या वेळी दिलं, आता ह्या पोरीला द्या. तपेली ठेवा." बहीण म्हणाली, "आणि मामूंचं नाव?" अम्मी म्हणाली, "नाव मामूंचं आहे, पैसा माझा आहे."

भंगारवाल्याला नाही दिलं. थोरला आणि मधला दोघे बाजारात घेऊन गेले. भाव बरा मिळाला, पितळ महागलंय. पण तिथल्या तरुण मुलाला मोड हा शब्द ठाऊक नव्हता. त्याने काट्यावर ठेवलं, आकडा वाचला आणि पैसे दिले. फीचा हप्ता पुरता झाला नाही, पण उरलेलं उसनं मागण्याइतकं झालं. परत आले तर घरात मुलीचा चुलतभाऊ पुण्याहून आलेला. त्याच्या पाठपिशवीत तांब्याची पाण्याची बाटली होती, ऑनलाइन मागवलेली, तब्येतीसाठी. किंमत ऐकून अम्मी पदर तोंडावर धरून हसत सुटली.

राहिली तपेली. ती आतून काळी झाली होती. कलईवाला शोधला तर गावात कोणी सापडेना. मग धाकटा म्हणाला, चाचांचा मुलगा आहे ना. तोच, तपेलीत उभा राहून फिरायचा तो. त्याचं मोबाइलचं दुकान आहे. आम्ही सगळे वर्षानुवर्षं त्याच्याकडेच रिचार्ज करतो; सलाम-दुआ होते, पण जुनी गोष्ट कधी निघाली नव्हती. धाकटा तपेली घेऊन गेला तेव्हा त्याने ती काउंटरवर ठेवली आणि बोटाने आतला काठ चाचपला.

भाता त्याने ठेवला होता. चामडं वाळून तडकलेलं, त्याला रेक्झिनचा तुकडा लावला. कथील घरात उरलं होतं तेवढंच. दुसऱ्या रोज्याच्या दुपारी त्याने आमच्याच गल्लीत खड्डा केला. पोरं मोबाइल घेऊन गोळा झाली आणि चित्रीकरण करू लागली. त्याने वडिलांना पाहून शिकलेलं, स्वतःच्या हाताने फारसं केलेलं नाही. एका बाजूला कलई छान धावली, बुडाजवळ ढग राहिले. "किती दिवस टिकेल?" मधल्याने विचारलं. "रिचार्जपेक्षा जास्त," तो म्हणाला आणि पहिल्यांदा सगळे मोकळे हसले.

पैसे त्याने घेतले. आम्हाला वाटलं होतं नको म्हणेल, आणि मग काय करायचं याचा आम्ही विचारही करून ठेवला होता. त्याने सरळ घेतले, मोजले, आणि म्हणाला की ईदसाठी दोन पोरांचे कुर्ते-पायजमे शिवायचे आहेत, धाकट्याचं मशीन चालू आहे का. धाकट्याने अब्बांच्या वेळची मोजपट्टी शोधून काढली. पूर्ण कुर्ता त्याने किती वर्षांनी कापला कोण जाणे. एकाची बाही आखूड झाली, ती उसवून पुन्हा लावली. अम्मीने तपेलीत बोट फिरवून पाहिलं. "बापाचा हात नाही," ती म्हणाली, "पण सालन कळकणार नाही."

बकरी ईदच्या आधी बुडाचे ढग काढायचे आहेत. कथील आता इथे मिळत नाही, नागपूरला इतवारीतून आणावं लागेल. मधला मुलीला भेटायला जाईल तेव्हा घेऊन येणार आहे.