सेल्स टॅक्सचं झालं का?

1985 साली औरंगाबादजवळ वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग लेथ-ड्रिलवाल्यांची रीघ लागली. तेव्हा कुणी नवी शेड टाकली की जाणती मंडळी आधी विचारत, "सेल्स टॅक्सचं झालं का?" मशीन आलं का, ऑर्डर आहे का, या चौकशा नंतरच्या.

त्याला कारणही होतं. उद्योग मुंबई-पुण्याबाहेर पडावेत म्हणून राज्य सरकारने 1964 मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आणली होती. तालुका जितका मागास तितकी सवलत मोठी. भांडवली अनुदान वगैरे होतंच, पण खरी गोडी विक्रीकरात. स्थगिती मिळाली की गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर तिजोरीत न भरता काही वर्षं धंद्यातच फिरवायचा, पुढे हप्त्यांनी फेडायचा, आणि व्याज शून्य. नव्या कारखानदाराला तेव्हा बँकेच्या दारात कोण उभं करत होतं? त्याचं खेळतं भांडवल हेच.

अर्थात आधी पात्रता प्रमाणपत्र हवं. प्लॉटचा करार, वीजजोडणीचा कागद, मशीनची बिलं, सगळं टॅगने बांधून दाखल करायचं आणि आवक शिक्क्याची आपली प्रत जिवापाड जपायची, कारण टेबल बदलताना फायली गायब होत. साहेब दौऱ्यावर, कारकून रजेवर. बाहेरच्या टपरीवर चहा ढोसताना निम्म्या वेंडरांच्या ओळखी झाल्या, एवढाच काय तो नफा. त्या खेट्यांच्या आठवणीने गहिवरणारे भेटतात. बहुधा त्यांच्या फायली दुसरंच कुणीतरी फिरवत असावं.

आता राज्य सरकारचं 'मैत्री' पोर्टल आहे, जेवण उरकून रात्री घरून अर्ज करता येतो. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीत तर विजेच्या ताराही जमिनीखालून. पण 2017 मध्ये जीएसटी आला आणि पैशाची दिशा उलटली. कर आधी भरायचा, मग राज्याच्या वाट्याचा परतावा मागायचा. मंजुरी मिळाली तरी तरतुदीची वाट पाहणं आलंच. मोठ्या प्रकल्पाला ते झेपतं. दहा कामगारांच्या शेडला दर शनिवारी पगार वाटायचा असतो.

जुन्या पद्धतीत लबाडीलाही वाव होता. सवलतीची मुदत संपताच कुलूप ठोकून दुसऱ्या मागास तालुक्यात पाटी लावणारे महाभाग होतेच. त्यामुळे स्थगिती जशीच्या तशी परत आणा, असं मी म्हणणार नाही. पण लहान कारखानदाराला पहिली दोन-तीन वर्षं हातात रोकड लागते, हे त्या योजनेला कळलं होतं. हल्लीचे सीए प्रकल्प अहवाल करताना बजावतात, सबसिडी हिशेबात धरू नका, आली तर आली.