चोळीबांगडीचे बंगळूर

आमचे वास्तव्य हल्ली बोम्मसंद्रा येथे आहे. बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे एके काळचे खेडे. आज ते कारखान्यांच्या पाळ्यांप्रमाणे उठते आणि निजते. १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे उद्घाटन झाले. आर. व्ही. रोडपासून सुमारे १९ किलोमीटरचा हा मार्ग आमच्या गावी येऊन संपतो. सेवानिवृत्त मनुष्यास शेवटच्या स्थानकाजवळ घर मिळावे, यात नियतीची विनोदबुद्धीच दिसते. चिरंजीव येथील एका कारखान्यात अभियंता आहेत आणि आम्ही उभयता त्यांच्या आश्रयास आहोत.

गेल्या दिवाळीनंतर वाईहून आमच्या थोरल्या बंधूंचे पत्र आले. दादा अद्याप पत्रच लिहितात. मजकूर चार ओळींचा होता. घराची वाटणी एकदा कागदावर व्हावी, मागाहून मुलांत वाद नकोत, निम्मे घर तुझे आहे, कळव. पत्रात राग नव्हता. पण राग नसलेली पत्रे वाचावयास अधिक वेळ लागतो. ते खिशात घालून आम्ही फिरावयास निघालो, आणि चालता चालता मनात आले की भावाभावांच्या वाटणीचा विचार करण्यास या भूमीइतकी योग्य जागा दुसरी नाही.

कारण बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर. १६३६ साली निजामशाही संपली, राजे आदिलशाहीच्या चाकरीत आले आणि दरबाराने त्यांना दक्षिणेकडे धाडले. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या स्वारीत बंगळूर हाती आले व पुढे राजांचे बिऱ्हाड येथे थाटले गेले. परमुलखात नेमणूक झालेला मराठी अधिकारी या दृष्टीने पाहू गेल्यास शहाजीराजे हे आपणा सर्वांचे पूर्वसूरीच म्हणावयास हवेत. आणि आपल्यासारखेच त्यांचेही घर दोन ठिकाणी झाले. थोरले संभाजीराजे वडिलांजवळ राहिले. बाल शिवाजीराजे काही काळ येथे राहून जिजाबाईंसह पुण्यास गेले. तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजी दक्षिणेतच वाढले. यात राजांची इच्छा किती आणि दरबाराची आज्ञा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

१६६४ साली होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून राजांचा अंत झाला. त्यानंतर १३ वर्षांनी, १६७७ साली, कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमळवाडी येथे शिवछत्रपती आणि व्यंकोजीराजे समोरासमोर आले. विषय होता वडिलांच्या मालमत्तेतील वाटा. बोलणी फिसकटली, व्यंकोजी एका रात्री निघून गेले, पुढे दोघांच्या फौजांची लढाईही झाली. बापाच्या नेमणुकीने पडलेले अंतर पुत्रांना तलवारीने मोजावे लागले. शेवटी तह झाला, आणि त्या तहात बंगळूर व आसपासचा मुलूख महाराजांनी व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांस चोळीबांगडीसाठी दिला. भावाला दिला असता तर तो वाटा ठरला असता, हक्काची आणि हिशेबाची भाषा आली असती. भावजयीला दिला, म्हणून तो आहेर झाला. अवघ्या १० वर्षांत, १६८७ साली, मोगलांनी बंगळूर घेतले व ते म्हैसूरकरांच्या हाती गेले. मुलूख राहिला नाही. चोळीबांगडी हा शब्द मात्र राहिला.

नाटककादंबऱ्यांतून अशा गोष्टी किती लवकर उलगडतात! कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. अप्पासाहेब बेलवलकर पहिल्याच अंकात सर्वस्व मुलांना वाटून मोकळे होतात आणि त्या एका निर्णयाचे फळ प्रेक्षकास त्याच रात्री पाहावयास मिळते. आयुष्यात ते हप्त्याहप्त्याने येते, आणि हप्ता कोणत्या कर्जाचा हेही पुष्कळदा उमगत नाही. जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ आम्ही भोपाळला नेमणुकीवर असताना पाहिले. मुले दूर असलेल्या त्या वृद्ध जोडप्याला पाहून आमचे कुटुंब पदराने डोळे टिपीत होते. आम्ही अभिनयाची स्तुती केली. त्या रात्री मात्र आईस पत्र लिहिले आणि पुढच्या मनीऑर्डरीत ५० रुपये अधिक घातले. नाटकाचा परिणाम इतकाच झाला. तिकीट आम्ही वाईचे काढले नाही.

आता मूळ गोष्ट सांगावयास हवी. १९८६ साली वडील गेले. पुढच्याच वर्षी आम्हांस पुण्यास बदली मिळत होती. त्यासाठी बढती सोडावी लागत होती. कचेरीने विकल्प विचारला होता आणि कागदावर दोन रकाने होते. आम्ही बढतीच्या रकान्यात खूण केली व दादांना लिहिले, “सरकारचा हुकूम आला आहे, इलाज नाही.” हुकूम आला होता हे खरे, पण आम्ही मागितला म्हणून आला होता. पुढे १९ वर्षे आईचे पाहिले ते दादांनी आणि वहिनींनी.

२००६ साली आई गेली तेव्हा आम्ही दुसऱ्या दिवशी पोहोचलो. तेराव्यानंतर दादांनी एक वही पुढे ठेवली. आमच्या प्रत्येक मनीऑर्डरीची तारीखवार नोंद तीत होती. जमेची बाजू आमच्या नावाने भरलेली. खर्चाची बाजू संपूर्ण कोरी. लेखापरीक्षण खात्यात आमचा जन्म गेला, दुसऱ्यांच्या असंख्य वह्यांवर आम्ही आक्षेप काढले. पण तशी वही कधी पाहिली नव्हती. आम्ही ती न तपासताच मिटली. दादा काही बोलले नाहीत, आम्हीही नाही. त्यानंतर पत्रे येत-जात राहिली, आणि त्यांत पाऊसपाणी व प्रकृती यांपलीकडे काही नसे.

फिरून परत आल्यावर आम्ही लिहावयास बसलो. आमच्या निम्म्या घराचे बक्षीसपत्र वहिनींच्या नावे करावे असा मसुदा तयार केला आणि सोबतच्या पत्रात गमतीने लिहिले की बंगळुरात भावजयीला चोळीबांगडी देण्याची जुनी चाल आहे. मग पुष्कळ वेळ लेखणी थांबली. अखेर १९८७ सालच्या त्या दोन रकान्यांची हकीकतही लिहिली. ती लिहिण्यास आम्हांस ३८ वर्षे लागली होती; कागदावर ती अवघ्या सहा ओळींत आटोपली.

उत्तर वहिनींचे आले. “भावोजी, रकान्यांचे ह्यांना तेव्हाच ठाऊक होते. तुमच्या पुण्याच्या कचेरीत ह्यांचे एक स्नेही होते. सासूबाईंना मात्र शेवटपर्यंत कळू दिले नाही. सरकार सोडत नाही, असेच त्यांना सांगत असू. तुमचा कागद देवघरातल्या पेटीत ठेवला आहे. आधी दोघे येऊन महिनाभर राहा; सहीचे मग पाहू. घर मोठे आहे आणि माणसे थोडी.”

आम्ही ते पत्र दोनदा वाचले. घर देणे आम्हांस सोपे वाटले होते; त्यांनी मागितला तो महिना. आणि आमचे खोटे झाकण्यासाठी दादांनी आईजवळ जे खोटे बोलावे, ते वहीच्या कोणत्या बाजूस लिहावे, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

वाईची तिकिटे काढली आहेत. काल रात्री चिरंजीव जेवताना म्हणाले, “बाबा, कंपनी मला तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवते आहे.”

आम्ही विचारले, “पाठवते आहे, की तू जातो आहेस?”

ते क्षणभर थांबले. “मी जातो आहे,” म्हणाले.

“मग आईलाही असेच सांग,” आम्ही म्हणालो आणि ताकाचे भांडे त्यांच्याकडे सरकवले.